आधी अर्थिंग, मग पाणी, मग भांडी

भांडी धुण्याचं यंत्र म्हणजे डिशवॉशर. २०२० च्या टाळेबंदीत भांड्याला येणाऱ्या मावशींना घरी राहावं लागलं, आणि पुण्या-मुंबईपुरतं मानलं जाणारं हे यंत्र नांदेड-लातूरच्या दुकानांतही लोक विचारू लागले. आता ते बऱ्याच ओट्यांशेजारी दिसतं. त्याच्यासोबत येणारी माहितीपुस्तिका मात्र चोवीस तास वीज, गोडं पाणी आणि नळाला भरपूर दाब गृहीत धरून लिहिलेली असते. आपल्याकडे या तिन्हींची खात्री नसते. म्हणून आपल्या घरात हे यंत्र सुरक्षितपणे कसं बसवायचं आणि कसं वापरायचं, ते पहिल्या पायरीपासून पाहू.

सुरुवात यंत्राच्या आत काय घडतं तिथून करू. डिशवॉशर भांडी घासत नाही. तळाशी थोडं पाणी घेतं, ते तापवतं आणि गोल फिरणाऱ्या पोकळ दांड्यांच्या भोकांतून जोरात भांड्यांवर मारतं. या दांड्यांना फवारा-दांड्या म्हणू. त्याच वेळी पावडर किंवा वडी विरघळते आणि तेलकटपणा सोडवते. मळकं पाणी पंपाने बाहेर जातं, स्वच्छ पाण्याने भांडी विसळली जातात आणि शेवटी उष्णतेने वाळतात. अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रेन यांनी १८८६ मध्ये ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्याचाही मूळ विचार हाच होता: ब्रश वापरायचा नाही, पाण्याच्या माऱ्यानेच भांडी धुवायची.

म्हणजे एका बंद पेटीत गरम पाणी, वीज आणि तीव्र अल्कधर्मी रसायन एकत्र येतात. काळजी घ्यायची ती या तिघांची.

पहिलं काम विजेचं, आणि ते यंत्र घरी येण्याआधी व्हायला हवं. पाणी तापवताना डिशवॉशर साधारण दोन हजार वॅट वीज ओढतं. त्याला १६ अँपिअरचं, जाड पिनांचं सॉकेट लागतं. मीटरपेटीपासून त्याची तार वेगळी असावी आणि ती तांब्याची असावी: किमान २.५, शक्यतो ४ चौरस मिलिमीटरची. मिक्सरच्या किंवा फ्रिजच्या सॉकेटमधून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून डिशवॉशर चालवणं ही आपल्याकडे सर्रास दिसणारी चूक आहे. त्यात बोर्ड तापतो, प्लास्टिक मऊ पडतं, जळका वास येतो, आणि बोर्ड ओट्यामागे असल्यामुळे तो वास उशिरा लक्षात येतो.

आता अर्थिंग. यंत्रात कुठे वीज गळली, तर तिला जमिनीत उतरायला जी वाट दिलेली असते ती अर्थिंग. डिशवॉशरचं अंग पत्र्याचं असतं आणि आपण बहुधा ओल्या हातांनी, ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून त्याला हात लावतो. जमिनीत जाणारी वाट नसेल, तर गळलेली वीज आपल्या शरीरातून जाते.

मराठवाड्यात यात एक खास अडचण आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला भेगा पडतात. अर्थिंगच्या खड्ड्यातली पट्टी किंवा नळी मातीपासून सुटते, कोरडी माती वीज नीट घेत नाही. पावसाळ्यात बरोबर असलेलं अर्थिंग मे महिन्यात कुचकामी ठरू शकतं. म्हणून दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी जाणकार वायरमनकडून अर्थिंगचा रोध उपकरणाने मोजून घ्या आणि खड्ड्यात अधूनमधून पाणी घालत राहा. भांडी विसळलेलं पाणीही त्याला चालतं.

एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. काही वायरमन वेगळं अर्थिंग करण्याऐवजी सॉकेटमध्येच न्यूट्रलची तार अर्थिंगच्या पिनेला जोडून देतात. हे जिवावरचं काम आहे. ती न्यूट्रल तार कुठे तुटली किंवा सैल झाली, की यंत्राच्या सगळ्या पत्र्यात वीज उतरते. आपल्या घरी असं केलेलं नाही ना, हे वायरमनला स्पष्ट विचारा आणि सॉकेट उघडून दाखवायला सांगा.

त्याच भेटीत आरसीसीबी बसवून घ्या. वीज गळू लागली की क्षणात पुरवठा तोडणारा हा स्विच असतो आणि घरासाठी तो ३० मिलिअँपिअरचा घेतात. एमसीबी आहे म्हणजे शॉकपासून संरक्षण आहे, असं पुष्कळांना वाटतं. एमसीबी जास्त भार आणि शॉर्टसर्किटपासून तारांना वाचवतो. माणसाला वाचवायचं काम आरसीसीबीचं. घरात दोन्ही हवेत.

घरातल्या नेहमीच्या इन्व्हर्टरवर डिशवॉशर चालवू नका. यंत्रातला हीटर इन्व्हर्टरला पेलवत नाही. इन्व्हर्टरच्या जोडणीतून यंत्राचं सॉकेट वेगळंच ठेवायला सांगा, म्हणजे वीज गेल्यावर भार आपोआप इन्व्हर्टरवर पडणार नाही. आपल्या भागात संध्याकाळी व्होल्टेज फार खाली-वर होत असेल, तर यंत्राच्या भाराला पुरेल असा स्टॅबिलायझर घ्यावा. टीव्हीचा किंवा फ्रिजचा छोटा स्टॅबिलायझर इथे उपयोगाचा नाही.

धुणं चालू असताना वीज गेली तर? काही करू नका. बहुतेक यंत्रं वीज आल्यावर थांबलेल्या जागेपासून पुढे चालू लागतात. दार उघडून आत डोकावायचा मोह होतो, पण आत साठ-सत्तर अंशांचं पाणी आणि वाफ असू शकते. वीज बराच वेळ येणार नाही असं कळलं, तर अर्धा तास जाऊ द्या आणि मग दार हळूहळू, आधी बोटभर फटीने उघडा.

दुसरं काम पाण्याचं. इथे मी थोडं रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडे यंत्राची बरीच दुखणी पाण्यातूनच येतात.

आधी दाब. यंत्राला पाणी आत घ्यायला किमान दाब लागतो, आणि तो बहुतेक यंत्रांत ०.३ ते ०.५ बार असतो. नेमका आकडा आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत असतो. उंचीच्या हिशेबात सांगायचं तर दर मीटरला सुमारे ०.१ बार दाब मिळतो. म्हणजे टाकीतलं पाणी यंत्राच्या नळापेक्षा किमान तीन ते पाच मीटर उंच हवं. तळमजल्याचं स्वयंपाकघर आणि दुसऱ्या स्लॅबवर टाकी असेल तर सहसा जमतं. पण स्वयंपाकघर सर्वांत वरच्या मजल्यावर आणि टाकी त्याच स्लॅबवर टेकवलेली असेल, तर दाब कमी पडतो आणि यंत्र पाणी येत नसल्याची खूण दाखवून थांबतं. अशा वेळी दोष यंत्राचा नसतो. टाकी उंच स्टँडवर ठेवावी किंवा दाब वाढवणारा छोटा पंप बसवावा. यंत्र घेण्याआधी टाकीची उंची मोजा.

आता पाण्याचा जडपणा. जड पाणी म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेलं पाणी. अशा पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीला आणि गिझरला पांढरा थर बसतो. आपल्या पायाखाली बेसॉल्टचा काळा खडक आहे आणि त्याच्या भेगांतून येणारं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. नांदेडला नळाचं पाणी गोदावरीवरच्या विष्णुपुरी प्रकल्पातून येतं, लातूरला मांजरेवरच्या धनेगावच्या धरणातून. धरणाचं पाणी सहसा बोअरपेक्षा हलकं असतं. पण नळ रोज येत नसल्यामुळे पुष्कळ घरांत नळ, बोअर आणि टँकर अशा तिन्हींचं पाणी एकाच टाकीत मिसळतं. मग पाणी किती जड आहे ते आठवड्यागणिक बदलतं.

म्हणून अंदाजावर राहू नका, पाणी तपासा. पाण्यात बुडवल्यावर रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात. काही कंपन्या यंत्रासोबतच एक पट्टी देतात. नेमका आकडा हवा असेल, तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं. डिशवॉशरच्या पुस्तिकेत हाच आकडा पुष्कळदा जर्मन अंशांत असतो. एक अंश म्हणजे लिटरला सुमारे १७.८ मिलिग्रॅम. ६०० मिलिग्रॅमचं पाणी त्या मापाने साधारण ३४ अंशांचं होतं.

हा आकडा कळल्यावर तो यंत्रात नोंदवायचा असतो. ही पायरी बहुतेक घरांत राहून जाते. यंत्राच्या तळाशी पाणी मृदू करणारा एक कप्पा असतो. त्यातले बारीक मणी पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. काही काळाने मणी भरून जातात. मग शेजारच्या कप्प्यातलं मिठाचं पाणी त्यांच्यावरून जातं आणि ते पुन्हा कामाला लागतात. पाणी किती जड आहे हे यंत्राला सांगितलंच नाही, तर मिठाचं पाणी कधी सोडायचं हे त्याला नीट कळत नाही. काही यंत्रं ५० जर्मन अंशांपर्यंतचं, म्हणजे लिटरला सुमारे ८९० मिलिग्रॅमचं पाणी सांभाळतात, काहींची मर्यादा कमी असते. आपलं पाणी त्याहून जड असेल, तर बाहेर वेगळा सॉफ्टनर बसवल्याशिवाय यंत्र घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मीठ घालताना होणाऱ्या चुका नीट लक्षात घ्या. डिशवॉशरचं मीठ वेगळं मिळतं. ते शुद्ध आणि जाड दाण्याचं असतं. स्वयंपाकातलं आयोडिनचं बारीक मीठ, सैंधव किंवा बाजारातलं खडेमीठ त्या कप्प्यात घालू नका. त्यातल्या इतर क्षारांनी आणि मातीने कप्पा बिघडतो. पहिल्या वेळी आधी कप्पा पाण्याने भरायचा, मग नरसाळ्याने मीठ ओतायचं. थोडं पाणी बाहेर सांडेल, ते अपेक्षितच आहे. झाकण घट्ट लावा आणि लगेच एक धुणं चालवा. सांडलेलं खारं पाणी आत तसंच राहिलं, तर स्टीलवरही गंजाचे ठिपके पडतात. भांडी खारट होतील ही भीती बाळगू नका, हे मीठ भांड्यांपर्यंत पोचत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मिठाच्या कप्प्यात धुण्याची पावडर ओतणं. त्याने पाणी मृदू करणारा भागच निकामी होतो. घरात यंत्र एकापेक्षा जास्त माणसं वापरत असतील, तर मिठाच्या झाकणावर पुसलं न जाणाऱ्या शाईने ‘मीठ’ असं मराठीत लिहून ठेवा.

पाणी आणणारी नळी नेहमी नवी वापरा. जुन्या वॉशिंग मशीनची काढून लावू नका. नळीच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती बोअरच्या गाळाने तुंबते. नळाआधी गाळ अडवणारा साधा फिल्टर बसवला तर ही कटकट वाचते. काही यंत्रांच्या नळीला जाड पेटीसारखं तोंड असतं. नळी फुटली तर पाणी तिथेच अडवणारी ती सोय आहे. तिच्यात विजेच्या तारा असू शकतात, म्हणून ती नळी कापून लहान करायची नाही आणि पेटी पाण्यात बुडू द्यायची नाही.

पाणी बाहेर नेणारी नळी मोरीच्या भोकात खोल खुपसून ठेवलेली खूप घरांत दिसते. त्याने मळकं पाणी उलटं यंत्रात येऊ शकतं, किंवा आत आलेलं पाणी सतत ओढलं जाऊन वाहत राहतं. नळीचा वळसा पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर हवा. ती उंची साधारण जमिनीपासून ४० सेंटिमीटर ते एक मीटरच्या दरम्यान असते. नळी तिथे पक्की बांधा. बाहेर पडणारं पाणी गरम असतं, त्यामुळे नुसती अडकवलेली नळी निसटली तर पायावर येते. शिवाय उंदीर या नळ्या कुरतडतात. ओट्याखाली भोकं असतील तर जाळी लावून बुजवा.

यंत्र चारही पायांवर सपाट उभं हवं. एका बाजूला कललेलं यंत्र दारातून गळतं. उघडलेल्या दारावर बसणं, त्यावर जड पातेलं टेकवणं किंवा दोन्ही भरलेले खण एकदम बाहेर ओढणं टाळा. यंत्र पुढे झुकून पडू शकतं. लहान मुलांना हे दार खेळायची पायरी वाटते, तेव्हा भांडी लावून झाली की दार लगेच बंद करा.

आता भांडी. स्टीलची ताटं, वाट्या, पेले, पातेली, काचेची आणि चिनी मातीची भांडी बिनधास्त घाला. न घालायची भांडी मात्र आपल्या स्वयंपाकघरात पुष्कळ आहेत. लोखंडी तवा आणि बिडाची कढई गंजते, आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षं मुरलेलं तेल एका धुण्यात निघून जातं. तांब्या-पितळेची भांडी, कल्हईची पातेली आणि देवाची उपकरणी काळवंडतात. ॲल्युमिनियमवर राखाडी-काळा थर येतो आणि तो हाताला लागत राहतो. भाकरीची लाकडी काठवट, पोळपाट, लाटणं फुगतात आणि तडकतात. नॉनस्टिकचा थर हळूहळू निघतो, मग तवा आपल्या संभाजीनगरच्या निर्लेपचा असो की दुसऱ्या कुठल्या कंपनीचा. धारदार सुऱ्या बोथट होतात.

प्रेशर कुकरबद्दल वेगळं सांगतो. स्टीलचा कुकर कंपनीने चालतो असं लिहिलं असेल तरच घाला. शिट्टी, रबरी रिंग आणि सुरक्षा झडप काढून हातानेच धुवा. कुकरचं झाकण यंत्रात धुतलं असेल, तर पुढच्या वेळी गॅसवर ठेवण्याआधी वाफेचं भोक उजेडाकडे धरून आरपार दिसतं का पाहा. डाळीचं साल किंवा भाताचं शीत त्यात अडकलं, तर धोका डिशवॉशरमध्ये नसतो, गॅसवर असतो.

भांडी आत ठेवण्याआधी नळाखाली धुवायची गरज नाही. तसं केलं तर पाणी वाचवायला घेतलेल्या यंत्राने पाणी दुप्पट जातं. फक्त खरकटं काढा: कढीपत्ता, शेंगदाण्याचा कूट, हाडं, लिंबाच्या बिया, भाताची शितं. परातीत वाळलेलं ज्वारीचं पीठ आणि पातेल्याला करपलेलं दूध थोडा वेळ भिजवून खरवडा. येसराच्या आमटीचं तेलकट पातेलं मात्र तसंच घातलं तरी निघतं. तेल सोडवणं हे या यंत्राचं खास काम.

भांडी लावताना एक गोष्ट कायम डोळ्यांसमोर ठेवा: पाणी खालून आणि मधून येतं. म्हणून भांड्याची खरकटी बाजू खाली किंवा मध्याकडे हवी. वाट्या थोड्या तिरप्या ठेवा, नाहीतर बुडात पाणी साचतं. एकात एक घातलेल्या वाट्यांपर्यंत पाणी पोचतच नाही. मोठी परात किंवा ताट उभं ठेवलं तर फवारा-दांडी त्याला अडते. म्हणून दार लावण्याआधी दोन्ही दांड्या हाताने एकदा गोल फिरवा. त्या कुठेही अडल्या नाहीत, तरच यंत्र सुरू करा.

जेवणाच्या सुऱ्या आणि काटे टोक खाली करून ठेवा. घाईत हात घालताना वर आलेलं टोक थेट तळव्यात शिरतं. हलकी प्लास्टिकची झाकणं वरच्या खणात, दोन भांड्यांच्या मध्ये अडकवून ठेवा. मोकळं झाकण उडून तळाशी पडतं आणि ज्या यंत्रांत हीटर उघडा असतो, तिथे त्याला चिकटून जळतं.

आता साबण. नेहमीचा भांड्यांचा बार, जेल किंवा कपड्यांची पावडर डिशवॉशरमध्ये चालत नाही. त्यांचा फेस दारातून बाहेर येतो, फरशी निसरडी होते आणि पाणी तळातल्या विजेच्या भागांपर्यंत जाऊ शकतं. चुकून कोणी घातलाच तर यंत्र बंद करा, फेस बसू द्या, पाणी बाहेर काढायचा कार्यक्रम चालवा आणि मग साबण न घालता एकदा नुसत्या पाण्याने चालवा. डिशवॉशरची पावडर किंवा वडीच वापरा. शेवटच्या विसळण्यात पाणी भांड्यावरून सरकून जावं म्हणून एक पातळ द्रव वेगळ्या छोट्या कप्प्यात घालतात, त्याला रिन्स एड म्हणतात. त्याने काचेवर डाग राहत नाहीत.

ही वडी घरात लहान मूल असेल तर फार सांभाळून ठेवा. ती रंगीत असते, चकचकीत कागदात असते आणि गोळीसारखी दिसते. तिच्यातलं रसायन तोंड, घसा आणि डोळे भाजू शकतं. पुडा वरच्या कपाटात, कुलपाआड ठेवा आणि वडी अगदी शेवटी, दार लावण्याच्या क्षणी घाला. मुलाच्या तोंडात गेलीच तर उलटी करवू नका. तोंडातले तुकडे काढा, तोंड पाण्याने धुवा आणि पुडा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. डोळ्यात गेली तर स्वच्छ पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटं सोडत राहा आणि मग डॉक्टरांकडे जा. रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ही मोठी सरकारी रुग्णालयं आहेत.

कार्यक्रम निवडताना फार गोंधळायचं कारण नाही. रोजच्या भांड्यांना इको पुरतो. त्यात पाणी कमी लागतं, ते साधारण पन्नास अंशांपर्यंत तापतं आणि वेळ तीन तासांच्या आसपास किंवा जास्त लागतो. इतका वेळ बघून लोकांना वाटतं वीजही तितकीच जळते. खरी वीज पाणी तापवायला लागते, दांड्या फिरवायला थोडीच. म्हणून लांब पण कमी तापणारा कार्यक्रम स्वस्त पडतो. तेलकट कढया आणि करपलेली पातेली असतील तर साठ-सत्तर अंशांचा जोरकस कार्यक्रम लावा.

पाण्याचा हिशेब आपल्या भागात महत्त्वाचा आहे. दुष्काळात १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. ज्या शहराने तो उन्हाळा काढला, तिथे भांड्यांना पाणी किती लागतं हा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही. आजचं सर्वसाधारण मोठं डिशवॉशर एका पूर्ण धुण्याला साधारण ९ ते १२ लिटर पाणी घेतं, म्हणजे एका बादलीहून कमी. मात्र हा हिशेब यंत्र पूर्ण भरून चालवलं तरच खरा. चार वाट्यांसाठी दिवसातून तीनदा चालवलं तर बचत उरत नाही. दोन वेळची भांडी साठवून रात्रीच्या जेवणानंतर एकदाच लावणं आपल्या घरांना सोयीचं पडतं.

फक्त यंत्र लावून झोपी जाऊ नका आणि घराबाहेरही पडू नका. गळती, जळका वास किंवा वेगळा आवाज आला तर कोणीतरी जागं हवं. धूर दिसला तर यंत्राचं दार उघडू नका आणि त्यावर पाणी मारू नका. आधी मीटरपेटीतून वीज तोडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला बोलवा.

यंत्राला हात लावल्यावर नुसती झिणझिणी आली, तरी ती सूचना समजा. ‘थोडासा करंट येतो, चप्पल घालून वापरतो’ असं पुष्कळ घरांत ऐकू येतं. असं करू नका. पत्र्याला पुन्हा हात न लावता मीटरपेटीतून वीज बंद करा आणि अर्थिंग तपासल्याशिवाय यंत्र सुरू करू नका. अर्थिंग ठीक असेल तर दोष यंत्रात आहे, तो कंपनीच्या माणसाने पाहायचा.

धुणं संपल्याची घंटी वाजली की पंधरा-वीस मिनिटं थांबा. लगेच दार उघडलं तर वाफ थेट तोंडावर येते, चष्मा असेल तर काही क्षण दिसतही नाही. काच गरम असताना थंड फरशीवर किंवा ओल्या ओट्यावर ठेवली तर तडकते. भांडी काढताना आधी खालचा खण रिकामा करा, म्हणजे वरच्या वाट्यांतलं पाणी खालच्या कोरड्या ताटांवर पडत नाही.

आता निगा. आठवड्यातून एकदा तळातली गाळणी काढून धुवा. ती फिरवून सुटते आणि वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने साफ होते. खालच्या खळग्यात काचेचा तुकडा असू शकतो, म्हणून वीज बंद करून आणि हातमोजा घालूनच तिथे हात घाला. गाळणी परत नीट बसवली नाही, तर खरकटं पंपात जातं आणि पुढचं धुणं पाण्यात उभं राहतं. फवारा-दांड्यांच्या भोकांत मोहरी किंवा जिऱ्याचे दाणे अडकतात, ते टूथपिकने काढा. दाराचं रबर ओल्या फडक्याने पुसा आणि यंत्र रिकामं असताना दार बोटभर उघडं ठेवा, म्हणजे कुबट वास येत नाही. पांढरा थर दिसू लागला तर यंत्रासाठीच मिळणारा क्षार काढणारा द्रव वापरा.

भांड्यांवरूनही आतला बिघाड ओळखता येतो. पेल्यांवर पांढरी साय दिसली तर मीठ संपलं आहे किंवा जडपणाचा आकडा कमी नोंदवला आहे. वाळूसारखे कण राहिले तर गाळणी पाहा. निळसर-इंद्रधनुषी झाक आली तर रिन्स एड जास्त होतंय. गंजाचे ठिपके दिसले तर आत एखादी लोखंडी वस्तू गेली होती का ते आठवा.

बाहेरगावी जाताना यंत्राचा पाण्याचा नळ बंद करा आणि प्लग काढा. सॉकेट ओट्यामागे दडवलेलं असेल तर हे होत नाही, म्हणून बसवतानाच ते हाताला लागेल असं, पण पाणी उडणार नाही अशा बाजूला घ्या.

आणि खरेदीआधी दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा: कंपनीचा दुरुस्ती करणारा माणूस कुठून येतो? नांदेड-लातूर शहरात सेवा मिळणं एक, आणि देगलूर, मुखेड, उदगीर, अहमदपूरच्या घरी तो किती दिवसांत पोचेल हे वेगळं. वॉरंटीच्या काळात वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्याकडून हे यंत्र उघडून घेऊ नका. त्याने वॉरंटी जाऊ शकते, आणि पाण्यापासून विजेला वेगळं ठेवणारे भाग चुकीचे बसले तर जिवाला धोका होतो. पुस्तिका, बिल आणि सेवा केंद्राचा क्रमांक एका पिशवीत घालून ती मीटरपेटीजवळ अडकवून ठेवा.